नारिंगी मुताचा एडका

देगलूरच्या आमच्या गल्लीत टीबीच्या गोळ्यांवर दोन संशोधनं झाली. एक लातूरच्या डॉक्टरांनी केलं, दुसरं नगरपालिकेच्या मुतारीत आम्ही केलं. डॉक्टरांच्या संशोधनात कुणाला साधं खरचटलंही नाही. आमच्या संशोधनात हाडं मोडली, दात पडले, पोलिसांची गाडी आली आणि एका एडक्यानं अर्धं गाव आडवं केलं. यातलं एक अक्षर खोटं असेल तर माझी जीभ झडो. ती अजून जागेवर हाय, यावरून समजून घ्या.

गल्लीतले गादीवाले मोहियोद्दीनचाचा टीबीनं गेले. गोळ्या चालू झाल्या, जरा बरं वाटलं, चाचांनी गोळ्या सोडल्या, आणि मग खोकून खोकून गेले. त्यानंतर लातूरहून डॉक्टर मनस्विनी आल्या. म्हणाल्या, चाचांच्या सहवासात जे राहिले त्यांच्या छातीत जंतू झोपलेला असू शकतो. तो उठू नये म्हणून निरोगी माणसांनाही गोळ्या द्यायच्या. गोळ्या दोन जातीच्या: जुनी पांढरी, ती बरेच महिने खायची, नवी लाल, ती महिनाभरच. कुणाला कोणती ते चिठ्ठी काढून ठरणार, आणि कोणती जास्त चांगली ते शेवटी कळणार.

"दोन्ही गोळ्या खऱ्या आहेत बरं का," बाई निघताना म्हणाल्या. ते कुणी ऐकलंच न्हाई.

कारण दोन-तीन दिवसांत मुतारीत शिंपी सिद्धेश्वर किंचाळला, "मेलो! रक्त!"

आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. नारिंगी सोड्याची बाटली फुटावी तशी धार. पलीकडून चाचांचा धाकटा पोरगा जुबेर ओरडला, "माझीबी तशीच!" दोघं लाल गोळीवाले. त्यांच्या शेजारी जुबेरचा मोठा भाऊ अबुजर उभा होता, पांढऱ्या गोळीवाला. त्याचं पाण्यासारखं.

सिद्धेश्वरला चिडवायची भारी हौस. म्हणाला, "अबुजरभाई, तुला खडू दिलाय खडू. फळ्यावर लिही."

झालं, निकाल लागला: लाल गोळी खरी, पांढरी खोटी.

आता अबुजर म्हणजे काय चीज, ते सांगतो. कापूस पिंजायला मशीन आली तरी हा बापाची धनुकली सोडत नव्हता. तिच्या तातीवर मारायचा लाकडी ठोकळा त्याच्या हातात भाकरीसारखा हलका. तो ठोकायला लागला की तिकडं तेलंगणात मदनूरला लोक ढग आले म्हणून वाळवण उचलायचे. त्यानं एक एडका पाळला होता, टकरीचा. नाव ठेवलं होतं दामाद. दामादची धडक बसली की समोरच्या एडक्याची शिंगं शेपटीकडून निघायची.

एवढा मोठा गडी, पण बायकोपुढं मेणाचा. गौसिया तिचं नाव. तिला एचआयव्ही होता. कुठून आला ते गल्लीनं लई विचारलं. मी विचारलं न्हाई, तुम्हीबी विचारू नका. नांदेडहून औषध आणायची, रोज रात्री एक गोळी घ्यायची, आणि दिवसा कापसाची गाठ पाठीवर टाकून चालायची. पण एचआयव्हीवाल्या माणसाला टीबी आधी धरतो, हे बाईंनीच सांगितलेलं. आणि त्याच बाईंनी गौसियाला चिठ्ठी न काढताच पांढरी गोळी दिली.

अबुजर दवाखान्याच्या दारात आडवा उभा राहिला. "म्याडम, जिला सगळ्यात जास्त धोका, तिलाच खडू?"

"अबुजर, लाल गोळी तिच्या रोजच्या रात्रीच्या गोळीचा असर मारून टाकते. रात्रीची मात्रा बदलल्याशिवाय ती देता येत नाही. किती बदलायची ते आम्ही अजून तपासतोय."

"तुम्ही तपासून राहा. तवर माझं घर खाली होईल." त्यानं स्वतःच्या पांढऱ्या गोळ्या खिशातून काढल्या आणि बाईंच्या देखत नालीत फेकल्या. "माझा बाप माझ्या मांडीवर मेला, म्याडम. बायको न्हाई मरू देणार."

गौसिया मागंच उभी होती. तिनं बाईंचा शब्द न् शब्द ऐकला. नवऱ्यानं मात्र एवढंच ऐकलं की तपासणं चालू हाय.

त्याच दुपारी दुकानात तो जुबेरला म्हणाला, "तुझ्या लाल गोळ्या काढ."

"भाई, माझ्या हायेत त्या. बाई एका आठवड्याच्याच देतात."

"भाभीला पाहिजेत."

"म्याडमनं नको म्हटलं ना? मेरेकू नको पूछो, उनकू पूछो."

बोलणं तिथंच संपलं. ठोकळा खांद्यावर बसला तेव्हा सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. जुबेर कापसात पडला आणि तोंडात कापूस कोंबून ओरडला, कारण पुढच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. गल्लीला त्यानं सांगितलं, माळ्यावरून पडलो. भाऊ तो भाऊच.

अबुजरनं घरी येऊन गौसियाला समोर बसवलं. लाल गोळी, पाण्याचा तांब्या. "गिळ."

"ही नको मला. म्याडम काय म्हणाल्या ते ऐकलं न्हाई का तुम्ही?"

त्यानं तिचा जबडा हातात धरला. मी खिडकीतून पाहिलं; आमची खिडकी समोरच. तो रडत होता आणि जबडा दाबत होता. बोटं अशी रुतली की दुसऱ्या दिवशी गालावर निळे डाग. गौसियानं गोळी जिभेखाली सारली, पाणी प्याली, आणि तो वळला तशी दामादच्या भुश्यात थुंकली. एडका काय, खिळेबी खायचा.

दोन दिवसांनी अबुजर म्हणाला, "रंग दिसंना."

"बायकांचा घामात उतरतो," गौसिया म्हणाली. जिलेबीचा रंग कालवून तिनं कुर्त्याच्या गळ्याला बोट फिरवलं. नारिंगी डाग बघून अबुजरनं गल्लीत साखर वाटली.

जुबेरच्या गोळ्या संपल्या. मग सिद्धेश्वर. त्यानं "खडू" म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ठोकळा बसला आणि दोन दात शिलाई मशीनच्या पायडलाखाली गेले. पोलिसांत गेला न्हाई बिचारा. टीबीच्या गोळ्या खातो म्हणून पोरीची सोयरीक मोडेल, ही भीती. त्याच्याही संपल्या. मग राहिले दत्तोपंत मास्तर. चाचांबरोबर रोज बुद्धिबळ खेळायचे, म्हणून तेबी लाल गोळीवर.

मास्तर म्हणाले, "अबुजर, मी तुला शिकवलंय रे."

"म्हणून डाव्या हातानं मागून राहिलो, मास्तर. उजवा उचलायला लावू नका."

मास्तरांनी डबी छातीशी घट्ट धरली. अबुजरनं मनगट धरून पिरगळलं. मास्तर ओरडले न्हाईत. हातच ओरडला. कोपराच्या खाली हात जिथं वाकू नये तिथं वाकला, चष्मा पायाखाली चुरला.

आता मात्र गल्ली उठली. मास्तरांनी अर्ध्या देगलूरला पाढे शिकवलेले, हिंदू म्हणू नका, मुसलमान म्हणू नका. लाठ्या, सळया, लाटणी घेऊन गर्दी अबुजरच्या अंगणात घुसली. जुबेर गळ्यात झोळी घालून सगळ्यांच्या पुढं. "भाई, बाहेर ये!"

अबुजर ठोकळा घेऊन बाहेर आला. पहिल्या माणसाचा गुडघा गेला, दुसऱ्याचं कपाळ फुटलं. अंगणात पिंजलेला कापूस पडला होता, त्यावर रक्ताचे शिंतोडे उडायला लागले. कुणीतरी मागून सळई घातली, अबुजर हलला न्हाई. त्याच दंग्यात दामादचं दावं तुटलं.

मी दामादला तेव्हा समोरून पाहिलं, अजून घाम फुटतो. डोळ्यांतून नारिंगी पाणी, नाकातून नारिंगी शेंबूड. त्यानं भिंतीवर धार मारली आणि भिंत अशी रंगली की परवाच्या सफेदीतही डाग लपला न्हाई. लोक ओरडले, "सैतान!" आणि पळता पळता एकमेकांवर पडले. दामादनं जो जसा मिळेल तसा उचलला. एक जण लिंबाच्या फांदीवर सापडला, दुपारी शिडी लावून उतरवला.

अबुजर मात्र तसाच उभा राहून भिंत बघत होता. मग एडक्याकडं बघितलं. मग गौसियाकडं.

"तू खाल्ल्याच न्हाईस."

"न्हाई खाल्ल्या. खाल्ल्या असत्या तर रात्रीची गोळी मेली असती, आणि मग मी."

"मी भावाला तोडला तुझ्यासाठी!"

"मी सांगितलं होतं तोडायला?"

दोन्ही हात तिच्या गळ्यावर गेले. गौसियाचे पाय जमिनीवरून सुटले. जुबेरनं एका हातानं ओढून पाहिलं, लाथेनं उडाला. गौसियाचा चेहरा काळा पडायला लागला होता, तेवढ्यात दामादनं मागं पावलं घेतली आणि मालकाच्या छातीत धडक घातली.

अबुजर कापसाच्या ढिगात उताणा पडला. खोकला, आणि तोंडातून रक्ताची गुळणी आली. दुसरी आली. पांढरा ढीग लाल होत गेला.

"बरगड्या गेल्या," लोक म्हणाले.

पोलिसांच्या गाडीनं त्याला नांदेडच्या दवाखान्यात नेलं, तिथं छातीचा फोटो काढला. बरगड्या शाबूत. रक्त आतलं होतं. बापाचा जंतू छातीत कधीचा उठून बसला होता. पांढऱ्या गोळ्यांनी तो उठू न देण्याची खटपट केली असती, पण त्या नालीत गेलेल्या. डॉक्टर मनस्विनींनी थुंकीचा निकाल वाचला आणि उभ्याउभ्याच औषधं लिहायला घेतली.

एक हात खाटेला बेडीनं बांधलेला, दारात मास्क लावलेला हवालदार, असा अबुजर पडला. आता हा टीबीचा पेशंट, याला पुरं औषध, आणि त्यात लाल गोळीवाली दवा आलीच. गौसिया रोज येते. गळ्यावर बोटांचे ठसे अजून हायेत. गोळी तोंडात टाकते, पाणी पाजते.

"जीभ वर कर."

"गिळली ना."

"वर कर म्हणते! मला नको शिकवू. हा हुन्नर माझा हाय." बोट घालून जिभेखाली बघते, मग सोडते.

परवा मी बघायला गेलो होतो. हवालदारानं बेडी सोडून त्याला संडासला नेलं. परत आला तेव्हा हसत होता, ईद असल्यासारखा.

"गौसिया, माझंबी नारिंगी झालं!"

गौसियानं मास्क सारखा केला आणि कानाखाली अशी वाजवली की हवालदाराची टोपी पडली. "ही जुबेरच्या हाडाची."

दुसरी वाजवली. "ही सिद्धेश्वरच्या दातांची."

तिसरीसाठी हात उचलला, तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली. तिनं हात खाली घेतला, थुंकीचं भांडं पुढं धरलं आणि त्याची पाठ चोळत बसली.

"मास्तरची राहिली," ती म्हणाली. "पूर्ण बरा हो. मग देते."