बसायला ठोकळा

माझ्या साडूला गॅरेजात मीच चिकटवलं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला म्हणा ना. बावीस वर्षं मी ट्रकखाली लोळलो, आणि तो आल्याला तीन महिने होत नाहीत तोच मालक गिऱ्हाइकांना सांगू लागले, "इंजिन त्यांना दाखवा, त्यांचा हात हलका आहे." घरी सासूबाई त्याला आग्रह करकरून वाढायच्या आणि मला म्हणायच्या, "तुमचं झालंच असेल." मला हेवा वाटत होता. उगाच शब्द कशाला फिरवू?

त्या दुपारी एक जुना ट्रक आला. मागच्या चाकाजवळ स्प्रिंगच्या पाट्यांचा बोल्ट गेलेला. आमचं आवार फाटकाकडे उतरतं आणि ट्रकचं तोंडही फाटकाकडेच. पुढच्या चाकाला लावायच्या लाकडी ठोकळ्यावर बसून मी चहा पीत होतो. साडू इकडेतिकडे बघत आला.

"साडूभाऊ, ठोकळा दिसला का कुठे?"

"हँडब्रेक ओढलाय ना?"

"ओढलाय की."

"मग झालं! तुमच्यासारख्या हुशार माणसाला ठोकळा कशाला लागतो?"

तो हसला आणि गेला. नव्या गाड्यांवर शिकलेला तो. त्यांचा हँडब्रेक थेट मागच्या चाकांना धरतो. या म्हाताऱ्या ट्रकचा मात्र गिअरबॉक्समागच्या, चाकं फिरवणाऱ्या लांब दांड्याला धरायचा. मागचं एक चाक उचललं की ते हवेत उलटं फिरायला मोकळं, आणि मग जमिनीवरचं दुसरंही मोकळं. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं.

गाडी सरकू दे, जॅक आडवा होऊ दे, खरा मिस्त्री कोण ते कळू दे मालकांना. एवढंच मनात होतं. चाक उठलं, तरी गाडी जागची हलली नाही. माझा हिरमोड झाला. तेवढ्यात साडू खाली शिरला. त्याचे पाय तेवढे बाहेर राहिले, डाव्या बुटाचा तळ फाटलेला.

आणि कुणी हात न लावता ते वरचं चाक हळूच उलटं फिरू लागलं.

चहा कुठे फेकला आठवत नाही. धावत जाऊन ठोकळा पुढच्या चाकाखाली दाबला. ट्रक त्यावर टेकला आणि थांबला. जॅक कलला होता. मी साडूला पाय धरून बाहेर ओढलं.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मालक धावत आले, तेव्हा तो म्हणाला, "यांनी वाचवलं मला."

मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बावीस वर्षांची नजर आहे ही! शाबास!"

तीन महिने ज्या थापेसाठी जळत होतो, ती मिळाली. साडू मात्र वाकून चाकाखाली बघत होता.

"साडूभाऊ, मी तर सगळीकडे शोधला. होता कुठे हा?"

"माझ्या बुडाखाली," मी म्हणालो.

मालक आणि साडू, दोघांपैकी कुणीच हसलं नाही.