आई.घर

लग्न होऊन यवतला आले, तेव्हा माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा एक छोटा टाकही आला. माझ्या सवतीचा, तिची छबी उमटवलेला. सुषमाला जाऊन दोन वर्षं झाली होती. दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, हळदकुंकू आधी तिला वाहायचं, ही आमच्याकडची रीत. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. माझं बिनसलं ते कॉम्प्युटरवरून.

आमचे हे, सत्यजीत, घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचं दुकान चालवायचे. २००७ साल असेल. दुकानातले आणि घरातले चार कॉम्प्युटर त्यांनी वायरीनं एकमेकांना जोडले होते. प्रत्येकाला आकड्यांचा लांबलचक पत्ता, तो कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून यांनी एक यादी करून प्रत्येक पत्त्यापुढं सोपं नाव लिहिलं होतं. दुकान.घर, सासऱ्यांचा आबा.घर, चौथा माझा. नाव टाइप केलं की तो कॉम्प्युटर उघडायचा. आई.घर म्हणजे सुषमाचा. त्यात तिचे फोटो होते, आणि लेकीसाठी माइकवर सांगून ठेवलेल्या गोष्टी. आठ वर्षांची प्रगती शाळेतून आली की दप्तरसुद्धा न काढता आतल्या खोलीत बसून ते नाव टाइप करायची. मला ती मावशी म्हणायची, आणि अहोजाहो करायची.

टाक बिचारा मुका असतो हो. सवत बोलायला लागली की जीव जळतो. रोज संध्याकाळी तिचं "ऐक हं बाळा" ऐकून माझं डोकं फिरायचं. शेवटी मी यांना म्हणाले, "आई म्हणून माझा कॉम्प्युटर उघडू द्या की. पोरीला माझी सवय कवा लागायची?"

"अगं, लहान हाय ती."

"आन् मी कोण हाय?"

यांनी यादीत आई.घरपुढचा आकडा काढून माझ्या कॉम्प्युटरचा घातला. सुषमाचं काहीच पुसलं नाही, फक्त ते नाव आता माझ्याकडं आलं. मी प्रगतीसाठी फुलाफुलांचं पान करून ठेवलं, वर माझा हसरा फोटो.

दुसऱ्या दिवशी प्रगतीनं नाव टाइप केलं. पुन्हा केलं. मग एकेक अक्षर बघून तिसऱ्यांदा केलं. मी शहाणी दारात उभी, आता ही मला आई म्हणेल म्हणून वाट बघत. ती उठली, दुकानात गेली आणि बापाला म्हणाली, "पप्पा, आई आता खरंच मेली का?"

समोरचं गिऱ्हाईक कागद न घेताच निघून गेलं. मला फार लाज वाटली. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता मी, पण लागला होता पोरीला.

सकाळी यांना यादी उघडायला लावली आणि जुना आकडा माझ्या हातानं घातला. उघडून पाहिलं. सुषमाचे सगळे फोटो आले, गोष्टीही जागच्या जागी होत्या. मी पान बंद केलं आणि प्रगतीला हाक मारली.

"ये बाळा. तुझी आई परत आणलीय मी. लिही नाव."

ती दाराशीच थांबली, दोन्ही हात पाठीमागं धरून.

"नको मावशी," ती म्हणाली. "नाव लिहिल्यावर परत तुम्हीच दिसला तर?"