विहिरीवर इझाबेल काय गायली

वेलंकनीला जायचं तर आगगाडीनेच, असा प्लासिडबाबांचा हट्ट होता. विमानाने काही तासांत आरोग्यमातेच्या दारात जाऊन उभं राहणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. इझाबेल होती तेव्हा नवरा-बायको दर दोन-तीन वर्षांनी जात, आणि त्या दोन दिवसांच्या प्रवासात ती अख्खा डबा ओळखीचा करून सोडी. ती गेली तसं बाबांनी वेलंकनीचं नावच टाकलं. यंदा मात्र चौऱ्याऐंशी पुरी झाल्यावर जेवताजेवता म्हणाले, "एकदा जाऊन येतो. मग वरून बोलावणं आलं तरी आपली तक्रार नाही."

त्यांच्या मुलाला, टोनीला, वालीवच्या कारखान्यातून सुटी मिळेना. तेव्हा सासऱ्यांना घेऊन सून निघाली. फेलिशिया नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली. भुईगावातल्या त्या घरात येऊन तिला तीस वर्षं होत आली होती.

निघायच्या आदल्या दिवशी टोनीने कपाटाच्या तळातून छोटा व्हिडिओ प्लेअर शोधून काढला. मुलगा डिलन लहान असताना प्रवासात त्याने डोकं खाऊ नये म्हणून घेतलेला. डब्याच्या झाकणासारखा पडदा उघडायचा, खाली सीडी बसवायची आणि बटण दाबायचं. डिलन आता कॅनडात नोकरी करत होता, पण टोनीने त्या खेळण्याची वायरसुद्धा जपून गुंडाळून ठेवली होती.

"अहो, आता फोनवर सगळं दिसतं," फेलिशिया म्हणाली.

"बाबांच्या हातात फोन दिलास तर अर्ध्या भुईगावाला चुकून फोन लागतील. याला बटणं आहेत. दाबलं की दाबलं."

टोनीचं खरं निघालं. वसई रोडला गाडीत बसल्यावर कल्याण येईपर्यंत बाबांनी जपमाळ केली आणि मग जे यंत्र मांडीवर घेतलं ते सोडायला तयार होईनात. इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात, दुसरं फेलिशियाच्या. आधी एक विनोदी नाटक झालं. त्यात बाबा एवढ्याने हसले की समोरच्या बाकावरचं तमिळ जोडपं काही न कळताच हसू लागलं. मग डिलनच्या जुन्या कार्टूनमधला उंदीर पाहिला. "हा मांजराला मारतो आणि पोरं टाळ्या पिटतात, म्हणून हल्ली कोणी म्हाताऱ्यांना भीत नाही," असा निष्कर्ष काढून त्यांनी सीड्यांची पिशवी पुन्हा उघडली. टोनीच्या अक्षरात 'लग्न' लिहिलेली सीडी त्यांनी वर काढली.

"ही लाव."

"आमच्या लग्नाची? त्यात काय बघणार, बाबा? निम्मी माणसं वर गेली आहेत."

"म्हणूनच लाव. वर गेल्यावर ओळखायला बरी."

मूळची कॅसेट. सात-आठ वर्षांनी टोनीने तिची सीडी करून घेतलेली. रंग फिके झाले होते. मांडवाला बांधलेल्या केळी दिसल्या, बँडवाले दिसले, मग मांडवाच्या दिवशी नवरदेवाच्या अंघोळीचं पाणी आणायला निघालेल्या बायका आल्या. सगळ्यांत पुढे सासू इझाबेल, जिला फेलिशिया आय म्हणे. लाल लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, कमरेवर कळशी. विहिरीच्या काठाला आल्यावर तिने कळशी खाली ठेवली, डावा हात कानाशी नेला आणि तोंड उघडलं.

इअरफोनमधून त्या काळच्या कुठल्याशा सिनेमातलं गाणं येत होतं. डोंगरदऱ्यांतून पळणाऱ्या नायक-नायिकेचं.

"आवाज वाढव," बाबा म्हणाले.

तिने वाढवला.

"अजून."

"बाबा, शेवटपर्यंत आला. याहून वाढत नाही. कान फुटतील."

"अगं, हे गाणं नको वाढवू. इझाबेलचा वाढव."

पडद्यावर बायका आता हसत होत्या. शेजारच्या वाडीतली मथुरा तर पोट धरून वाकली होती. बाबांनी बटण दाबून चित्र मागे नेलं. पुन्हा तोच हात कानाशी गेला, आणि पुन्हा तेच नायक-नायिका.

"तिने त्या दिवशी माझं नाव घेतलं होतं," बाबा म्हणाले.

त्यांच्या आळीत तशी रीत होती. विहिरीवर गाणारीण घरातल्या एकेकाला गाण्यात गुंफायची, जिवंतांना आणि गेलेल्यांनाही, म्हणजे लग्नातून कोणी वगळलं जाऊ नये. प्रत्येकाला एकेक चिमटा. एरवी बायको नवऱ्याचं नाव उच्चारत नसे, पण लेकाच्या लग्नात विहिरीवर ती मोकळी असायची, आणि ती काय म्हणेल त्यावर नवऱ्याने रागवायचं नाही. इझाबेलच्या तोंडाला तर अख्खी आळी वचकून होती. कोणत्या वेळी काय जोडेल, नेम नसायचा.

"मी मागे चुलाणापाशी होतो. आचाऱ्याने रस्सा करपवला होता खाली," बाबा सांगू लागले. "बायका पाणी घेऊन आल्या त्या माझ्याकडे बघून पदर तोंडाला. मी मथुरेला विचारलं, काय म्हणाली गं ही? तर ती म्हणते, तुमचं तुम्ही विचारा, प्लासिडभाऊ. रात्री विचारलं. ती म्हणाली, आता मी सांगायची नाही. कॅसेटमध्ये आहे, तिथे ऐक."

"आणि मग?"

"मग काय. कॅसेट आली तेव्हा केळीची लागण चालली होती. तुम्ही सगळे आत बघत बसलेले, मी वाडीत पाणी लावत होतो. म्हटलं, कॅसेट कुठे पळून जाते? पुढे ते यंत्र बिघडलं. सीडी केली तेव्हा माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन. राहून गेलं." त्यांनी पडद्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. "या गाडीत म्हटलं, आता दोन दिवस कुठे जायचं नाही, कुठे पाणी लावायचं नाही. ऐकू निवांत."

फेलिशियाला एकाएकी विरारच्या शूटिंगवाल्याचं दुकान आठवलं. लग्न होऊन पंधरवडाही झाला नव्हता. ती आणि टोनी कॅसेटसाठी गाणी निवडायला गेले होते. दुकानात कूलर होता आणि त्याने दोघांना थंड पेय दिलं होतं. "विहिरीवर बायकांचा आवाज तसाच ठेवू का वरून गाणं टाकू?" त्याने विचारलं होतं. "सगळे टाकूनच घेतात." आणि कॉन्व्हेंटात शिकलेली, शहरातल्या मैत्रिणींना कॅसेट दाखवायला उतावीळ झालेली नवी नवरी म्हणाली होती, "टाका ना. त्या बायकांचं कोण ऐकणार आहे?" टोनी हसला होता. शूटिंगच्या मूळ टेपवर त्याने पुढचं लग्न भरलं असणार. ते दुकानही आता नव्हतं.

"मी हात धुऊन येते," म्हणून ती उठली आणि दाराशी जाऊन तिने मथुराकाकूंना फोन लावला.

"पोचलात का गो वेलंकनीला?" काकूंनी विचारलं.

"आजच निघालो ना, काकू. एक विचारायचं होतं. माझ्या लग्नात विहिरीवर आयने बाबांचं नाव घेतलं होतं. काय म्हणाली होती?"

"अगो, किती हसलो होतो आम्ही! त्या फिलोमिनाच्या हातातली कळशी सुटली."

"हो, पण म्हणाली काय?"

पलीकडे बराच वेळ नुसता कुठल्याशा मालिकेचा आवाज येत राहिला. मग काकूंनी टीव्ही बंद केलेला कळला.

"थांब हं. टोनीच्या आत्याला ती म्हणाली की तिच्या पापडापेक्षा तिचं तोंड कडक. ते आठवतं. मग प्लासिडभाऊंचं... नाही गो. आता ओठावर होतं. ती काय एकदा म्हटलेलं दुसऱ्यांदा म्हणायची थोडीच? फिलोमिनाला विचार म्हटलं असतं, तर ती गेली. तेव्हाच विचारायचं होतंस."

फेलिशिया दाराशीच उभी राहिली. दोन्ही बाजूंनी उसाची शेतं पळत होती. कित्येक वर्षं तिने मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या होत्या. दोन ओळी जुळवणं तिला जड नव्हतं. परत येऊन बसल्यावर ती म्हणाली, "बाबा, मथुराकाकूंचा फोन होता. मी सहज विचारलं. त्यांना आठवतंय."

बाबांनी कानातलं टोक काढलं. तोंड जरा उघडं राहिलं.

"प्लासिड माझा राजा, राजा केळीच्या वनीचा," फेलिशिया हलक्या आवाजात, जमेल तसा सूर लावून म्हणाली, "घामाने फुलवी मळा, धनी माझ्या ग मनीचा."

बाबांचे खांदे हसण्याने हलू लागले.

"राजा? मला? इझाबेल?"

"काकू तरी तसं म्हणाल्या."

"याला फिलोमिनाची कळशी सुटेल? हे तर स्नेहसंमेलनातलं आहे." त्यांनी तिचा हात थोपटला. "राहू दे. चांगलं केलंस. पण ती अशी नव्हती गं."

बाबांनी चित्र पुन्हा मागे नेलं. आता कानात काहीच न घालता ते पडद्याच्या अगदी जवळ वाकले आणि इझाबेलच्या ओठांकडे पाहू लागले. एका जागी त्यांनी चित्र थांबवलं.

"इथे ओठ मिटलेत. प्लासिडमधला 'प' असेल, नाही? आणि पुढे बघ, मथुरा हसायला लागली. म्हणजे इथेच." चित्र पुढे सरकलं, थांबलं. ओठ उघडे, दात दिसणारे, डोळे मिस्कील. तेवढंच. "वरून गाणं टाकायला कोणी सांगितलं असेल?"

"मी सांगितलं, बाबा."

ते तिला रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुझं वय ते केवढं," ते म्हणाले. "तुला काय ठाऊक त्यात काय आहे. मला ठाऊक होतं ना. त्यानंतर किती वर्षं ती माझ्यासमोर होती. ताटाला ताट लावून जेवलो. या गाडीतून कितीदा गेलो, असेच समोरासमोर बसून. मी विचारलं ते त्या एका रात्री. पुन्हा म्हणून विचारलं नाही." त्यांनी पडदा मिटवला आणि हात त्यावर ठेवला. "तू तिच्याबरोबर स्वयंपाकघरात असायचीस. मी अजून एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं का गं तिने?"

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी आय मासळी साफ करताना म्हणाली होती, "तुझ्या सासऱ्याने कॅसेट बघितली का?" फेलिशियाने म्हटलं होतं, त्यांना कुठे वेळ. पुढे सणाला पाहुणे कॅसेट बघत बसले तेव्हा आय दोनदा वाडीच्या दारापर्यंत जाऊन हाक न मारता परत आली होती. सीडी झाली तेव्हा म्हणाली, "आता तरी बघ म्हणावं त्याला." फेलिशिया तेव्हा वह्या तपासत होती. हो म्हणाली आणि विसरली. त्यानंतर आयने कधी विचारलं नाही. कॅसेटमध्ये आपला आवाज नाही हे तिला ठाऊक होतं; तो बघेल आणि पुन्हा विचारायला येईल, याचीच ती वाट बघत होती.

"नाही, बाबा," फेलिशिया म्हणाली. "नसतं सांगितलं."

"नसतं?"

"एकदा नाही म्हटलं की आयचं नाहीच असायचं. मला साधी खिमट करायची रीत तिने वर्षभर सांगितली नव्हती. तुम्ही शंभरदा विचारलं असतंत तरी हसून उठून गेली असती."

बाबांनी समोरच्या बाईने पुढे केलेली चकलीसारखी मुरुक्कू घेतली, मोडली, अर्धी सुनेला दिली.

"हट्टी होती खरी," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जवळजवळ अभिमान होता. मग मागे टेकून त्यांनी डोळे मिटले. गाडी कुठल्याशा पुलावरून जात होती. तो आवाज थांबेपर्यंत ते थांबले.

"मग ठीक आहे. मग माझी चूक नाही."

"नाही, बाबा," फेलिशिया म्हणाली. "तुमची नाही."