फ्लॅप शून्यावरच होता

दचकू नका, भिंतीवर लावायचा कागद बोलतोय. माझ्यावर विमानाचं अख्खं कॉकपिट छापलेलं आहे: बटणं, काटे, दांडे, सगळं काही. मी स्वतः मात्र कधी उडालो नाही. पंखा लावला की माझे खालचे कोपरे फडफडायचे, तेवढंच माझं उड्डाण.

वैमानिक माझ्यासमोर खुर्ची टाकून सराव करतात. खऱ्या कॉकपिटमध्ये कामाची वाटणी असते. एकाने विमान चालवायचं, दुसऱ्याने कामांची यादी मोठ्याने वाचायची, मिळालेलं उत्तर खरं आहे का ते डोळ्यांनी पाहायचं आणि चुकलं असेल तर अडवायचं. हे अडवायचं काम मात्र कुणाला फारसं आवडत नाही.

आमच्या घरचा वैमानिक बारा वर्षं उजव्या खुर्चीत, म्हणजे सहवैमानिक. कॅप्टन होण्याची परीक्षा एकदा हुकलेली. आता दुसरी आणि शेवटची संधी. त्याने मला जेवणाच्या टेबलाशेजारी डकवलं, दोन खुर्च्या मांडल्या आणि उजवीकडे बायकोला बसवलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची. चिठ्ठी आणि बाटली दोनदा ताडून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात न देणारी बाई.

पहिल्याच संध्याकाळी तिने वाचलं, "फ्लॅप?" उड्डाणाआधी एक दांडा शून्यावरून पाचच्या खुणेवर आणून पंखांची मागची पट्टी खाली करावी लागते, त्याबद्दलचा हा प्रश्न.

"पाच," म्हणत त्याने माझ्यावरच्या दांड्यावर बोट टेकवलं.

"पण हा तर शून्यावर आहे."

"अगं, छापलेला आहे तो. हलणार कसा? पाच समजायचं."

दुसऱ्या दिवशी तिने बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दांडा केला आणि टाचणीने माझ्यावर बसवला. तो खरोखर वरखाली व्हायचा! माझ्या अंगात जीवच आला. यादी वाचताना तिने तो मुद्दाम शून्यावर ठेवला. त्याने न बघताच "पाच" म्हटलं.

"अहो, बघा तरी."

तो चिडला. परीक्षेची धास्ती होती, हे मला आता कळतं. त्याने टाचणी उपटली. "खेळ नाहीये हा. तू फक्त वाच."

मग दीड महिना ती फक्त वाचत राहिली. त्याला उत्तरं तोंडपाठ झाली. बोट शून्यावर आणि तोंडात पाच. त्याच्या हाताला हे वळण माझ्यामुळे लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

परीक्षेत काय झालं ते त्यानेच टेबलाशी बसून बायकोला सांगितलं. परीक्षा सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली विमानात होती. धावपट्टीकडे जाताना मध्येच नियंत्रण कक्षाचा निरोप आला आणि त्या गडबडीत फ्लॅप लावायचा राहिला. सहवैमानिकाने विचारलं, "फ्लॅप?" याने दांड्यावर हात ठेवून "पाच" म्हटलं. तो चाचरला, "सर, जरा..." हा म्हणाला, "पुढे वाच." इंजिनांना जोर दिल्याबरोबर धोक्याचा भोंगा वाजला आणि परीक्षकाने वही मिटली.

"तू मला पुन्हा का नाही अडवलंस?" त्याने बायकोला विचारलं.

"अडवलं होतं. तुम्ही म्हणालात, फक्त वाच."

त्या रात्री दोघांची ताटं तशीच राहिली.

आता माझी गुंडाळी कपाटामागे उभी आहे. दिसत काही नाही, ऐकू सगळं येतं. तो अजून उजव्या खुर्चीतच आहे, वयाने लहान असलेल्या कॅप्टनांच्या शेजारी.

परवा तो घरी आला आणि बूट काढता काढताच सांगू लागला. "आज कॅप्टनला म्हटलं, उंचीचा आकडा चुकीचा लावलाय. तो म्हणाला, पुढे वाचा."

"मग वाचलंत?"

"नाही. त्या आकड्यावर बोट ठेवून बसलो, त्याने बघेपर्यंत."

ती हळूच म्हणाली, "माझ्याच्याने तेवढं झालं नाही हो."

तिचं काही चुकलं नव्हतं, हे तिला सांगावंसं वाटलं. पण माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो, त्या दोघांपर्यंत कधी पोचला नाही. म्हणून तुम्हालाच हात जोडून सांगतो, शेजारचं माणूस अडवत असेल तर रागवायच्या आधी एकदा बघा. एकदा गप्प केलेलं माणूस पुन्हा बोलेलच असं नाही.