राखीव थप्पी

एक्याण्णव सालच्या मे महिन्यात बहारीनमध्ये भरदुपारी दिवे लावावे लागत होते. कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या आणि वारा फिरला की तो सगळा धूर समुद्र ओलांडून डोक्यावर येऊन बसायचा. झिंज वस्तीतल्या गॅलऱ्यांत सकाळी वाळत घातलेल्या चादरी संध्याकाळी काळ्या ठिपक्यांनी भरलेल्या असत. हारून परकारला त्या धुराचा राग वेगळ्याच कारणासाठी होता. धान्य उन्हात बघायचं असतं, ट्यूबलाइटखाली नव्हे, असं त्याचं ठाम मत, आणि आता ऊनच गायब झालं होतं.

हारून रत्नागिरीकडचा. मनाम्यातल्या फहाद अरबाबच्या, म्हणजे फहाद मालकाच्या, धान्याच्या पेढीत तो नऊ वर्षं माल पारखायचं काम करत होता. नमुना आला की आधी वास घ्यायचा, मग तळहातावर पसरायचा आणि शेवटी एक दाणा दाढेखाली धरायचा. नीट वाळलेला मका कट्ट वाजतो. नऊ वर्षांत त्याचा शेरा एकदाही खोटा ठरला नव्हता. याचा त्याला गर्व होता, आणि का नसावा?

त्या दिवशी टेबलावर मक्याची जी कापडी पिशवी होती, ती आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या एका देशातून आली होती. देशाचं नाव घेत नाही. त्या भागात तेव्हा चार-पाच देशांची गत एकच होती. तिथलं सरकारी धान्य बोर्ड पेढीला दरवर्षी थोडा जास्तीचा मका विकायचं. बोर्ड तोट्यात चालायचं, मंत्र्यांचे भाचे-जावई तिथे खुर्च्या अडवून बसलेले. पण जिथे एकही व्यापारी फिरकत नसे तिथे बोर्डाचा ट्रक जायचा, आडरानातल्या शेतकऱ्यालाही शहराजवळच्याइतकाच भाव द्यायचा, आणि दुष्काळात त्याच बोर्डाच्या गोदामातून लोकांच्या पोटात दोन घास जायचे.

हे सगळं हारूनला कळलं होतं मिसेस टेंबोंकडून. बोर्डात मालाची प्रत ठरवायचं काम त्या करत. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण कामाचा टेलेक्स संपला की दोघं खाली दोन ओळी टाकायचे. पाऊस कसा आहे, मुलगी कितवीत गेली, असलंच काहीतरी. त्यांनीच एकदा सांगितलं होतं की गोदामाच्या मागच्या बाजूला दोन राखीव थप्प्या असतात, त्यांच्या पोत्यांना लाल पट्टी असते, आणि नवं पीक आत आल्याशिवाय त्यांना कोणी हात लावत नाही.

पिशवीच्या चिठ्ठीवर लाल पट्टी होती.

हारूनने टेलेक्स केला, 'लाल पट्टीचा माल चुकून पाठवलात का?'

उत्तर लगेच आलं. 'चूक नाही. कर्ज देणाऱ्यांनी सरकारला सांगितलंय, धान्य नुसतं साठवून ठेवणं बोर्डाला परवडत नाही. एक थप्पी विकायची आहे. यंदा पाऊस कमी झाला. माल उत्तम आहे, मी स्वतः तीनदा उन्हात पाहिलाय.'

खाली नेहमीच्या दोन ओळी नव्हत्या. हारूनला वाटलं, बाई काहीतरी मागतायत आणि मागू शकत नाहीत.

घरी त्याने हे बायकोला, अख्तरुन्निसाला, सांगितलं. ती काळे ठिपके पडलेली उशीची खोळ चोळत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजे बियाण्याचा मुडा विकलानी?" ती म्हणाली. "अवो, माझ्या आयशीने पावसाळ्यात नाचणीची पेज पाजलान आमाला, पण मुड्याची दोरी नाय सोडलान."

"आपलो काय संबंध? माल चांगलो हाय, चांगलो म्हणून लिवायचं."

"लिवा. मंग झोप लागते का बघा."

झोप लागली नाही. पुढचा पाऊस चुकला तर त्या मुलखात खायला काय उरणार, हे त्याला लख्ख दिसत होतं. आणि ते थांबवायची एक वाट त्याच्याच हातात होती. सोंडे किड्यांनी भरलेला माल फहाद अरबाबने नऊ वर्षांत कधी दारात उतरवून घेतला नव्हता. माल नाकारला गेला की तो बोर्डाच्याच गोदामात राहील, इतका साधा हिशेब त्याने केला. खोटं उघडकीला आलं असतं तर व्हिसा रद्द, मुलीची, आतिकाची, शाळा बंद, खलास. तरी दुसऱ्या दिवशी तो बंदरावरच्या गोदामात गेला, सातूचं एक कुजकं पोतं शोधलं आणि त्यातले अकरा सोंडे चिमटीने वेचून लाल पट्टीच्या पिशवीत सोडले. आयुष्यातला त्याचा पहिलाच खोटा शेरा त्याने ट्यूबलाइटखाली लिहिला. 'जिवंत कीड. माणसांना खाण्यास अयोग्य. नाकारावा.'

दहा दिवसांनी पेढीचा मॅनेजर जयप्रकाश हसत त्याच्या टेबलापाशी आला.

"हारूनभाई, कमाल केलीत! बोर्डाने तुमचा रिपोर्ट मान्य केला. म्हणतायत, राखीव मालच सडत असेल तर ठेवायचा कशाला? दोन्ही थप्प्या कोंबड्यांचं खाद्य म्हणून देतायत, निम्म्या भावात. धुरी दिली की काम झालं. अरबाब एकदम खूश आहेत."

"दोन्ही?" हारूनने विचारलं.

"दोन्ही! यल्ला, चला, चहा मागवतो."

जूनमध्ये मिसेस टेंबोंचं पत्र आलं, हाताने लिहिलेलं. 'मिस्टर परकार, मला त्या मालात कीड दिसली नव्हती. पण नऊ वर्षांत तुमचा शब्द चुकलेला मी पाहिला नाही. चौकशीत वरिष्ठांनी विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं, की मिस्टर परकार म्हणतात तर कीड असणारच. माझे डोळे थकले असावेत. मी राजीनामा दिला आहे. तुम्ही मात्र डोळ्यांची काळजी घ्या.'

हारूनने ते पत्र तीनदा वाचलं आणि पाकिटासकट खिशात ठेवलं. बाईंनी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता तर चौकशीत भांडल्या असत्या, आणि एक तरी थप्पी वाचली असती. इतकी वर्षं जपलेलं त्याचं खरेपणच नेमकं तिथे कामी आलं होतं. स्वतःची एवढी किळस त्याला आधी कधी आली नव्हती.

ऑगस्टमध्ये जहाज लागलं. पहिलं पोतं हारूननेच उघडलं. मका पिवळाधमक होता, एकही सोंडा नाही. त्याने एक दाणा दाढेखाली धरला. कट्ट वाजला. मग बुदैयाच्या रस्त्यावरच्या पोल्ट्रीवाल्यांचे ट्रक आले आणि चार दिवसांत लाल पट्टीची पोती रिकामी झाली.

नोव्हेंबरात कुवेतची शेवटची विहीर विझली. आकाश निळंशार झालं, लोक गच्चीवर मुलांना घेऊन उभे राहिले. हारून रोज पेपरात आफ्रिकेची बातमी शोधत होता. तिथेही आकाश निळंच होतं, पावसाचा पत्ता नव्हता. डिसेंबर गेला, अर्धा जानेवारी गेला.

मग एका सकाळी टेलेक्स खडखडला. बोर्डाचाच होता, जगभरच्या सगळ्या पेढ्यांना एकच मजकूर. 'पीक गेलं. गोदामं रिकामी. माणसांना खाण्यायोग्य मका मिळेल तेवढा, मिळेल त्या भावाने हवा. तातडीने कळवा.'

"आपल्याकडे आहे का काही?" जयप्रकाशने केबिनमधूनच विचारलं.

"मफी, काही नाही," हारून म्हणाला.

तो यंत्रासमोर बसला. मका नाही हे टाइप करायच्या आधी त्याने खिशातलं पत्र काढून समोर ठेवलं. कागद घडीवर फाटायला आला होता. मग व्हिसा, अरबाब, आतिकाची शाळा, सगळं मागे सारून त्याने एकेक अक्षर दाबलं. 'मिसेस टेंबोंना निरोप द्या. त्यांचे डोळे ठीक होते. माल चांगला होता. सोंडे मी टाकले होते. हारून परकार.'

यंत्र खडखडलं. मग कागद पुढे सरकला.

'मिसेस टेंबो कोण? आम्ही सगळे नवीन आहोत. मका आहे की नाही, तेवढं कळवा.'