एका बोटाची जागा

मित्रांनो, मला रंग नाही, वजन नाही, आणि मला कपाटात ठेवता येत नाही. तरी तुम्ही मला रोज वापरता. मी एक जुना शब्द आहे. माझं नाव ट्रेन.

नाव ऐकताच तुम्हाला नाशिकरोडचा फलाट आठवला असेल. पण रेल्वे माझ्या आयुष्यात फार उशिरा आली, जेमतेम दोनशे वर्षांपूर्वी. माझं मूळ लॅटिन नावाच्या एका प्राचीन भाषेत आहे. तिथे माझ्या पूर्वजाचा अर्थ एवढाच होता : ओढणे. तुमच्या शेतातला ट्रॅक्टर त्याच घराण्यातला, माझा चुलतभाऊच म्हणा ना!

लॅटिनमधून मी फ्रान्सच्या भाषेत आलो आणि तिथून सुमारे सातशे वर्षांपूर्वी इंग्रजीत. बड्या घरच्या बायकांच्या झग्याचा लांबलचक घोळ मागे जमिनीवर ओढला जाई, त्याला लोक ट्रेन म्हणू लागले. मग राजाच्या मागून चालणाऱ्या लवाजम्याला म्हणू लागले, घोडे जुंपून नेलेल्या तोफांच्या रांगेलाही. पुढे इंजिनामागे डब्यांची रांग लागली, तेव्हा माझं नाव आयतंच तयार होतं.

मात्र माझा सर्वांत लाडका अर्थ मला माळ्यांनी दिला. वेलीची कोवळी फांदी मोडू न देता आधाराकडे ओढून घ्यायची, हव्या त्या दिशेने वाढवायची, या कामाला ते माझं नाव देत. माणसांना शिकवणं हा अर्थ त्यानंतर आला. मराठीला हे वेगळं सांगायला नको. मराठीत वेलीलाही वळण देतात आणि मुलांनाही वळण लावतात.

आज देवळाली कॅम्पात जवान ट्रेनिंग घेतात, सातपूरच्या कारखान्यांत नवे कामगार ट्रेनिंग घेतात. त्या वेलीची आठवण मात्र कुणाला नाही. याचं मला जरा वाईट वाटत असे. पण गेल्या शिमग्यानंतर ओझरजवळच्या एका द्राक्षबागेत जे घडलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डोळे कुठले, असं विचारू नका. बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक प्रमाणपत्र टांगलेलं होतं आणि त्यावर मी ठळक अक्षरांत बसलो होतो.

ते प्रमाणपत्र हर्षलचं. चार दिवसांचं ट्रेनिंग करून तो आला होता आणि त्याने दोन एकर नवी बाग लावली होती. कोवळ्या वेली बांबूंना सुतळीने बांधून वर तारेपर्यंत चढवायच्या होत्या. पहिल्या ओळी त्याने स्वतःच बांधल्या, अगदी घट्ट.

एके सकाळी पेठ तालुक्यातून सावित्रीबाई आपली मजुरांची टोळी घेऊन आली. आठ बायका, डोक्यावर गाठोडी. अकरा वर्षं त्या याच घरी येत होत्या. मृगापर्यंतचं काम त्या इथलंच धरून चालत.

हर्षल मान खाजवत म्हणाला, "मावशी, यंदा नाही जमायचं. नवी बाग आहे. ट्रेनिंग झालेलीच माणसं घेतोय."

"कसली टेनिंग, भाऊ?"

टोळीतली तृप्ती तोंडाला पदर लावून हसली. "आजी, तुला आता साळंत घालतील. पाटी-पेन्शील आणू का?"

"गप गं," सावित्रीबाई म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला. आठजणींना ती भरवशावर घेऊन आली होती.

जाता जाता ती ओळीत शिरली. एका गाठीत बोट घालून पाहू लागली.

"भाऊ, बोट नाय जात."

"जायलाच नको. वाऱ्याने हलता कामा नये."

"पन वेल जाड होनार ना? लेकराला कडदोरा बांधतो, तो काय येवढा आवळतो का?"

"मावशी, मी शिकून आलोय हो."

"बरं. ती शेवटची ओळ बांधायची हाय, तेवढी बांधून जाते. गाडी येईस्तोवर बसून काय करू?"

हर्षलची मुलगी आरोही, सहावीतली, तिच्या मागे मागे फिरली. सावित्रीबाई वेल आणि बांबू यांच्यामध्ये सुतळीचा इंग्रजी आठाचा आकडा करायची, आत आपलं बोट ठेवायची, मग गाठ मारायची आणि बोट काढून घ्यायची. प्रत्येक वेलीला तसंच. ओळ संपली, गाडी आली, बायका गेल्या. शेडमधल्या भिंतीवर मी अवघडून बसलो होतो. माझंच नाव पुढे करून त्यांना परत पाठवलं होतं. मधल्या ओळी हर्षलने नव्या माणसांकडून तशाच घट्ट बांधून घेतल्या.

तीन आठवड्यांनी दुपारी वावटळ उठली आणि पाठोपाठ वळवाचा वारा आला. वारा पडल्यावर हर्षल धावत बागेत गेला. कितीतरी वेली मोडल्या होत्या, आणि सगळ्या गाठीपाशीच. वेली जाड झाल्या होत्या, सुतळी मात्र होती तेवढीच. ती सालीत रुतून बसली होती. उभ्या राहिलेल्या वेलींनाही गाठीखाली खाच पडली होती. फक्त शेवटची ओळ पानं हलवत धड उभी होती.

आरोही शेडमधून त्याची ट्रेनिंगची पुस्तिका घेऊन आली. "पप्पा, इथे लिहिलंय की! गाठ सैल बांधावी."

"वाचलं होतं गं मी. पण सैल म्हणजे किती, ते कुठे लिहिलंय?"

आरोहीने शेवटच्या ओळीकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बापलेक मोटारसायकलवर निघाले; आरोहीच्या हातात ती पुस्तिका होती, तिच्यावर बसून मीही गेलो. पिंपळगावच्या चौकात, जिथे मजूर कामाची वाट बघत उभे राहतात, तिथे दुकानाच्या पायरीवर सावित्रीबाई आणि त्या आठजणी बसलेल्या दिसल्या. इतक्या दिवसांत त्यांना सलग काम मिळालं नव्हतं. हर्षल गाडीवरून उतरला आणि त्यांच्यासमोर गेला.

सावित्रीबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "मेल्या किती?"

"त्रेचाळीस."

"आरं देवा!" तिने टाळूला जीभ लावून चक् केलं आणि गाठोडं उचललं. "बाकीच्या सोडायला पायजे आजच. चला गं."

तृप्ती मात्र हलेना. "भाऊ, आता झाली का आमची टेनिंग?"

"तुमची कधीच झालीये," हर्षल म्हणाला. "माझी राहिलीय. मावशी, चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. वेली काय तिथं माफी ऐकत बसल्यात? चल बिगी!"

त्या दिवशी आधी सगळ्या गाठी सोडल्या गेल्या. रुतलेल्या गाठी हर्षलने स्वतः कापल्या. मग सावित्रीबाईने पुन्हा बांधायला सुरुवात केली आणि सगळे तिचं बघून बांधू लागले. आरोहीनेही सुतळी घेतली. आठाचा आकडा केला, आत आपलं बोट ठेवलं आणि गाठ मारणार, इतक्यात सावित्रीबाईने तिचा हात धरला.

"तुझं बोट नको, बाय. तुझं बारीक हाय. हे घे, माझं घाल."

आणि तिने आपलं राबून राबून जाड झालेलं बोट त्या फासात ठेवलं. आरोहीने त्यावरून गाठ मारली. सावित्रीबाईने बोट काढून घेतलं. वेल थोडी हलली आणि बांबूला टेकून उभी राहिली.

मित्रांनो, मी ओढण्यातून जन्मलेला शब्द. झगे ओढले, तोफा ओढल्या, डबे ओढले. पण ओढून घेतानाही जागा ठेवायची असते, हे मला माळ्यांनी शिकवलं होतं आणि इतक्या शतकांनी ते पुन्हा त्या ओळीत दिसलं. त्यानंतर भिंतीवर मला अवघडल्यासारखं वाटलं नाही.

तुम्हीही कधीतरी कुणाला शिकवाल. धाकट्या भावाला सायकल, मैत्रिणीला गणित, घरातल्या आजीला मोबाइल. तेव्हा माझी आठवण ठेवा. आधार द्या, गाठही बांधा, पण आत एका बोटाची जागा राहू द्या. आणि ती जागा केवढी असावी हे कळेनासं झालं, तर आपलं बोट घालू नका. ज्याने खूप वेली वाढवल्या आहेत, त्याचं बोट मागून घ्या.