बुरुलचा आशीर्वाद

वर्षातून चार वेळा ओश शहरातून आमच्या डोंगरात भाषणं येतात. म्हणजे एका जुनाट जीपमधून तीन वक्ते, एक पडदा आणि पुस्तकांची दोन खोकी येतात. मी त्यांना पहिलं पत्र लिहिलं तेव्हा गावाने मला वेड्यात काढलं होतं. क्लबचं छत गळतंय, शेगडीला कोळसा नाही, आणि तुर्सुनायला भाषणं हवीत. छतासाठीही मी चार ठिकाणी लिहिलं होतं. उत्तर फक्त भाषणवाल्यांनी दिलं, त्याला मी काय करणार?

बावीस वर्षं मी या क्लबची राखणदार, ग्रंथपाल आणि झाडूवाली आहे. आलेला प्रत्येक वक्ता सोन्याचा असतो असं मी म्हणणार नाही. एकाने तासभर सांगितलं की मोठी स्वप्नं बघा, आणि खाली उतरल्यावर पहिला प्रश्न विचारला, इथे फोनला रेंज कुठे मिळते. पण एका डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणातल्या रक्तस्रावाबद्दल सांगितलं, आणि त्या वर्षी आमच्या दोन बायका वेळेत दवाखान्यात पोचल्या. दोघी जिवंत आहेत. तेव्हापासून या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

एक अट मी पहिल्याच वर्षी घातली होती. शेवटची दहा मिनिटं आमच्या माणसाची. शहरातल्यांनाच सगळं कळतं असं आमच्या पोरांना वाटायला नको. यंदाच्या मार्चमध्ये ती दहा मिनिटं मी बुरुलला दिली.

बुरुल पाऊस मोजते. एकतीस वर्षं रोज सकाळी आठला ती मोजपात्रातलं पाणी बघते, वहीत लिहिते आणि शहरात फोन करून कळवते. तीन वर्षांपूर्वी वरच्या गल्लीच्या माथ्यावर तिला जमिनीत एक भेग दिसली. तिने भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या आणि मध्ये दोरी ताणली. पहिल्या वर्षी दोरी चार बोटं वाढवावी लागली. गेल्या वर्षी एक हात. या मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि एकाच आठवड्यात वीतभर. पुढे एप्रिलचा पाऊस यायचा होता.

वरच्या गल्लीत सहा घरं. सरकारने त्यांना दोन वर्षांपूर्वी खाली सपाटीवर जागा आखून दिल्या आहेत. कागद सगळ्यांनी नीट पेटीत ठेवले आणि माणसं तिथेच राहिली. खाली झरा नाही, गुरांना गवत नाही, आणि आपली मेलेली माणसं तर वरच आहेत. बुरुल घरोघर जाऊन सांगून आली. प्रत्येक घराने तिला चहा पाजला, पाव-साय खाऊ घातली आणि दारापर्यंत पोचवलं.

त्या गल्लीत शब्द चालतो कादिरालीचा. एकोणऐंशी वर्षांचा, गावात सगळ्यांत वडील. त्याची बायको झूरा घरामागच्या उतारावर पुरलेली आहे. रोज संध्याकाळी तो तिच्याजवळ जाऊन बसतो. बुरुलचा विषय निघाला की म्हणायचा, "पाऊस मोजून मोजून तिच्याच डोक्यात पाणी शिरलंय." लोक हसायचे, आणि तेवढ्यावर तो विषय बुडायचा.

बुरुलला डोंगराची भीती नव्हती, माणसांपुढे उभं राहण्याची होती. तीन आठवडे ती रिकाम्या क्लबमध्ये माझ्यासमोर भाषण म्हणून बघत होती. पहिल्या दिवशी आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचला नाही. मी मागून ओरडायचे, मोठ्याने बोल, मी काय उंदीर आहे का कान टवकारायला? एकदा ती मध्येच थांबली. मला ती एजे म्हणते, म्हणजे मोठी बहीण.

"एजे, वरच्या गल्लीतल्या जुमाशच्या सुनेला आठवा लागलाय," ती म्हणाली. "मी नीट बोलले नाही आणि काही झालं, तर ते माझ्यावर."

मी तिला म्हटलं की नीट बोलू नकोस, नुसतं बोल. पण त्या रात्री मला झोप आली नाही, हे खरं.

कार्यक्रमाच्या दिवशी वरच्या गल्लीतली सगळी माणसं आली, कारण पहिला वक्ता अक्रोडाच्या किडीवर बोलणार होता आणि अक्रोड हेच आमचं पोट. दुसऱ्या बाईंनी आकाशातले तारे दाखवले. तिसरा एरबोल, कुस्ती शिकवणारा तरणाताठा माणूस. बोलला चांगला, खोटं कशाला सांगू? गरिबीत कसा वाढला, किती वेळा हरला, सगळं मनापासून. बुरुल भिंतीला टेकून उभी होती, हातात दोरीचं गुंडाळं. पुढचा नंबर तिचा होता.

शेवटी एरबोल म्हणाला, "आता सगळ्यांनी हात पुढे करा. तळवे उघडा. बघा, जे काही आहे ते याच हातांत आहे."

बिचारा शहरात वाढलेला. आमच्याकडे सभेत तळवे उघडले की पुढे एकच गोष्ट होते. पुढच्या बाकावरून कादिरालीचा जाड आवाज आला. पाहुण्यांची वाट सुखाची होवो, पोरांना विद्या मिळो, गावात शांतता नांदो, ओमीन. दीडशे माणसांनी चेहऱ्यावरून हात फिरवले आणि बाकं सरकली. बता, म्हणजे असा आशीर्वाद, झाला की बैठक उठली. त्यानंतर कुणी परत बसत नाही, कुणी बोलत नाही, पेल्यात उरलेला चहासुद्धा कुणी पीत नाही. एरबोलला वाटलं आपल्या भाषणाचाच हा मान. तो छातीवर हात ठेवून वाकत राहिला.

मी धावत पुढे गेले. बुरुलचं राहिलंय, बसा, असं म्हणत दोघातिघांच्या बाह्याही ओढल्या.

"बता झाला, तुर्सुनाय," कादिराली शांतपणे म्हणाला. "आशीर्वादावर भाषण चालत नाही."

 माझी आईही हेच म्हणाली असती. त्याने चुकून केलं की समजून, हे मला कळत नव्हतं, आणि त्या क्षणी त्याची पांढरी दाढी मला उपटावीशी वाटली.

तेवढ्यात बुरुल भिंतीपासून हलली. मंचाकडे गेली नाही, सरळ दारात जाऊन उभी राहिली. दोरी खांद्यावर टाकली, दोन्ही तळवे उघडले आणि कादिरालीला अता, म्हणजे बाबा, अशी हाक मारून विचारलं.

"आशीर्वादावर आशीर्वाद तर चालतो ना, अता?"

चालतो. लग्नात चार-चार म्हातारे एकामागून एक देतात. बाईमाणूस वडीलधाऱ्यांसमोर क्वचितच देतं, पण बुरुलसारखी नातवंडांची आजी देत असेल तर नाही कोण म्हणणार? आणि एकदा हात उघडले की देणाऱ्याने संपवेपर्यंत कुणी ते खाली घेत नाही. आधी बायकांचे हात वर झाले, मग पुरुषांचे. कादिरालीचे सगळ्यांत शेवटी.

बुरुलने डोळे मिटले. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"जुमाशची सून सुखरूप बाळंत होवो, आणि बाळाचा पहिला श्वास खालच्या जागेवर असो. असाकानच्या मेंढ्या वाढोत, आणि या शुक्रवारच्या आत खाली उतरोत. तिनार आजीची चूल खालच्या मातीत पेटो. ज्या डोंगरात तीन वर्षांपूर्वी चार बोटांची भेग होती आणि आज माझा पाय आत जातो, तो डोंगर आम्हाला अजून एक आठवडा देवो. पाऊस उशिरा येवो."

 ती घाई करत नव्हती. एकेक घर, त्यातलं एकेक माणूस नावाने घेत होती.  जुमाशची सून रडत होती, पण तिनेही तळवे तसेच धरून ठेवले होते. शहरातले तिघेही हात उघडून उभे होते. माझ्या डोळ्यांचं काय सांगू?

"जे वर झोपले आहेत, त्यांना डोंगर पोटात सांभाळो," बुरुल म्हणाली. "झूरा एजेलाही. जिवंत माणसांना त्यांच्यासोबत झोपवू नको, देवा."

 शेवटचं ओमीन ती म्हणाली नाही. डोळे उघडून कादिरालीकडे बघत राहिली. सगळं गाव हात उघडून त्याच्याकडे बघत राहिलं.

 म्हाताऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"मला माहीत होतं आता तू बोलणार ते," तो म्हणाला. "म्हणून मी घाई केली. मला ऐकायचं नव्हतं, पोरी."

बुरुल दारातून हलली नाही. हात तसेच.

"ओमीन," कादिराली म्हणाला, आणि चेहऱ्यावर नेलेले हात त्याने बराच वेळ काढलेच नाहीत. मग सगळ्यांनी ओमीन म्हटलं. बुरुलने हात खाली सोडले आणि दाराच्या चौकटीला टेकली.

कादिराली काठी टेकत तिच्याजवळ आला. त्याने सांगितलं की उद्या सकाळी मुलाचा ट्रॅक्टर येईल, पहिली खेप जुमाशच्या दारातून भरा. मी म्हातारा माणूस, माझं शेवटी झालं तरी चालेल.

"नाही, अता," बुरुल म्हणाली. "भेग काल तुमच्या गोठ्याखालपर्यंत आली. पहिलं घर तुमचं आहे."